आधी बाईंनी चाखायचं

बाई पीठ खायच्या. भाकरी नव्हे, पीठच. पोरांना खेळायला केलेली, पालकाच्या रसानं हिरवीगार झालेली ज्वारीची उकड. खोलीच्या उंबऱ्यात उभ्या राहून त्यातला लिंबाएवढा गोळा तोंडात टाकायच्या, डोळे मिटून सावकाश चावायच्या, आणि समोर मांडी घालून बसलेल्या पोरांना सांगायच्या, "आज मी. मला काही झालं नाही तर उद्या तुम्ही."

पोरांना कुठला धीर! पण बाईंच्या खोलीत नवी वस्तू आली की तिचा पहिला दिवस बाईंच्या पोटाचा. बीट आलं, बाईंनी चाखलं. जांभळाचा रस आला, बाईंची जीभ दिवसभर निळी. एकदा कवठाचा गर चाखून त्यांचा घसा असा धरला की पुढचे दोन दिवस त्या नुसत्या हातवारे करून शिकवत होत्या. पोरांना वाटलं हा नवा खेळ आहे. तीही मुकाट्यानं हातवारे करत घरी गेली, आणि आया घाबरून आमच्या दारात.

आमच्या म्हणजे जामबागेतल्या घरात. पुढची रस्त्याकडची खोली सासूबाईंनी बाईंना राहायला भाड्यानं दिली होती, तिथंच वर्गही भरायचा. मोठ्या मुलींच्या शाळेतली चांगली चालती नोकरी सोडून या बाईनं दुधाचे दात असलेल्या पोरांचा वर्ग काढला होता, आणि तोही पाटीपेन्सिलीचा नाही. पाढे नाहीत, श्लोक नाहीत. परात, पातेलं, पीठ, पाणी. नऊवारीचा काचा मारलेला, कोपरापर्यंत पीठ, नाकावर पीठ, चष्म्याला पीठ. वय विचाराल तर मला कधी कळलं नाही. चाळीसही असेल, पंचावन्नही असेल.

तेव्हाचं हैदराबाद म्हणजे निजामाचं. बाकीचा देश स्वतंत्र झाला होता, आम्ही नव्हतो. आमचे हे सरकारी कचेरीत होते, उर्दूत कागद रंगवायचे आणि घरी येऊन मराठीत गप्प बसायचे. बाहेर काय चाललंय ते कुणी मोठ्यानं बोलत नसे. गावाकडून नातेवाईक पोरंबाळं घेऊन यायचे, चार दिवस राहायचे, पुढे जायचे. बाजारात धान्य नाही. अशा दिवसांत माझ्या घराच्या पुढच्या खोलीत एक बाई पोरांना पिठाशी खेळायला देते! सासूबाईंच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

"मास्तरीणबाई," एकदा त्यांनी दारात उभं राहून विचारलंच, "लोक दाण्याला महाग झालेत, आणि तुम्ही अन्नाचा चिखल करताय? पाप कुणाच्या माथी?"

"माझ्या, काकू," बाई म्हणाल्या. हात परातीतच. "मी एक वेळ जेवते. दुसऱ्या वेळचं पीठ पोरांचं. खेळून झालं की गवळ्याच्या म्हशीला. वाया काही जात नाही."

सासूबाई आत आल्या. मला म्हणाल्या, "बाई येडी आहे," आणि मग जरा थांबून, "पण संध्याकाळी तिला एखादी भाकरी नेऊन दे."

मी नेली. बाईंनी घेतली नाही. ही आणखी एक तऱ्हा! त्या कुणाकडचं काही खात नसत. हळदीकुंकवाच्या घरी गेल्या तरी पाण्याला हात लावायच्या नाहीत. लोक म्हणायचे, सोवळं फार. कसलं सोवळं! मी एकदा खडसावून विचारलं तेव्हा हसून म्हणाल्या, "अगं सूनबाई, उद्या माझं पोट दुखलं तर ते तुझ्या वांग्याच्या भाजीनं की माझ्या लगद्यानं, हे मला कसं कळणार? पोटात काय गेलं ते मला नेमकं ठाऊक पाहिजे. पोरांचा कारभार आहे." मी भाकरी परत आणली आणि सासूबाईंना सांगितलं की बाईंचा उपास आहे.

गवळी मात्र खूष होता. शेजारच्या गल्लीतला, म्हशीसाठी बादली घेऊन दुपारी यायचा. "क्या मास्तरनी अम्मा, आज हरा आटा? मेरी भैंस हरा दूध देती क्या मालूम!" बाई त्यालाही हात धुवून यायला लावायच्या. म्हशीच्या खाण्याला हात धुवायचे! तो मला सांगायचा, "बडी परेशान करती जी, पन दिल की अच्छी."

आणि त्यांच्या कमरेला काळ्या दोऱ्यात एक चांदीचा वाळा बांधलेला असायचा, तान्ह्या पोराच्या पायातला असतो तसा. आख्ख्या जामबागेनं त्यावर कथा रचली होती. बाईंचं मूल गेलं, त्याच्या घशात फुटाणा अडकला, त्याची ही आठवण, वगैरे वगैरे. बायका डोळे पुसत सांगायच्या. मीही पुसले, खोटं कशाला बोलू? शेवटी कळलं की तो वाळा बाईंचा स्वतःचाच, बारशाचा. त्यांना मूलबाळ नव्हतंच. वाळा कशाला? तर कुठलीही वस्तू त्या वाळ्यातून घालून बघायच्या. आरपार पडली की ती बाद, या वयाच्या पोरांच्या खोलीत येणार नाही. फुटाणे, शेंगदाणे, वाटाणे, चिंचोके, डाळी, सगळ्यांना बंदी. आख्खा बटाटा, दोडका, वांगं यांना परवानगी. दोडक्याच्या शिरांवरून पोरं तासन्‌तास बोटं फिरवायची. पण हे "का" बाई कुणाला सांगत नसत. नुसतं करत. विचारलं तर म्हणायच्या, "बघा ना, दिसतंय की." लोकांना दिसायचा तो वेडेपणा.

माझ्या पोराचं मी अजून सांगितलं नाही. तिथंच तर सगळं अडलं होतं.

आमचा बाळ तीन वर्षांचा झाला तरी कशालाही हात लावत नव्हता. ओलं तर नाहीच नाही. वरणभाताचं एक शीत बोटाला चिकटलं की असा किंचाळायचा की वाटावं विंचू चावला. भरवावं तर तोंड घट्ट मिटलेलं. दूधभात मऊ करून, गाळून, चमच्यानं, तोही सासूबाईंच्याच मांडीवर, आणि तोही कसाबसा. अंगावर मांस नाही. काठीसारखे पाय. मुठी कायम आवळलेल्या. वैद्य झाले, हकीम झाला, दृष्ट काढून झाली. बायका माझ्याकडे बघून आवाज खाली करायच्या. मला रात्रंदिवस एकच भीती. आजूबाजूला सगळं असं पेटलेलं, उद्या आम्हालाही घर सोडावं लागलं, कुठं ताटातूट झाली, तर या पोराला कोण गाळून भरवणार? हे पोर भरल्या ताटासमोर उपाशी मरेल. हे मी कुणाला बोलले नव्हते. एकदा बाईंना बोलले, आणि बोलता बोलता हमसून रडले.

बाईंकडून धीर नाही, उपदेश नाही. दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन बाळाला घेऊन गेल्या.

आता मला वाटलं, या त्याचा हात धरून पिठात घालणार. मी दाराआड उभी. छे! बाईंनी भाजलेल्या पिठाची परात त्याच्यापासून हातभर लांब ठेवली, आणि त्याच्याकडे चक्क पाठ करून बसल्या. त्या पिठात बोटानं रेघा मारायच्या, आपल्याशीच गुणगुणायच्या. त्याला "ये" नाही, "हात लाव" नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. मी आपली आत तळमळतेय. एक आठवडा गेला, दुसरा गेला.

"बाई, अहो जरा बोलावून तरी बघा!"

"नक्को गं," त्या म्हणाल्या. नक्को म्हणायच्या त्या, आमच्या हैदराबादसारखं ठासून. पुण्याकडची माणसं हसतात आमच्या बोलीला, हसू देत. "आपण त्याच्या तोंडाच्याच मागे लागलोय सगळे. आधी हाताला भूक लागू दे."

"हाताला कुठं भूक लागते?"

"लागते. तुला नाही लागत? कणीक मळायला बसलीस की तू सोडतेस का ती? मळून झाली तरी थापट्या मारत बसतेस. बघते मी खिडकीतून."

अगदी खरं होतं ते. मला लाजच वाटली.

आणि एक दिवस बाळानं बोट लावलं. एक बोट, एकच रेघ. बाईंनी वळूनही पाहिलं नाही. मी दाराआड पदर तोंडात कोंबून उभी. त्यानंतर हळूहळू पंजा आला. मग पीठ मुठीतून सोडायला लागला. कोरड्यापर्यंत गाडी आली, आणि उकडीपाशी थांबली. ओलं म्हणजे नक्को. बाई म्हणाल्या, येईल. सासूबाई तोंडानं काही बोलत नव्हत्या, पण आता दुपारची झोप सोडून त्याही माझ्यामागे दाराआड यायला लागल्या होत्या.

पोलीस ॲक्शनचे ते दिवस. हिंदुस्थानच्या फौजा निघाल्यात एवढंच कळत होतं. रेडिओला कान लावून हे बसलेले, कचेऱ्या बंद, दुकानं बंद, रस्त्यावर कुत्रं नाही. बाईंचा वर्गही बंद होता. घरात सगळे कोंडलेले, बाळ परातीची आठवण काढून भुणभुण करतोय. आमच्या मागच्या अंगणात सीताफळाचं झाड होतं. हंगामातली पहिली फळं नुकतीच डोळे उघडत होती. सासूबाईंच्या मनात आलं, मास्तरीणबाईंनाच तेवढं येतं होय? त्यांनी एक पिकलेलं सीताफळ फोडलं, गर वाडग्यात काढला, वाडगा बाळापासून हातभर लांब ठेवला, आणि हुबेहूब बाईंसारख्या पाठ करून बसल्या.

आणि बाळानं हात घातला. एक बोट नाही, आख्खा हात, मनगटापर्यंत, ओल्या गरात! सासूबाईंनी ते डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि त्यांना राहवेना. "अगं ये, अगं बघ तरी!" करत त्या मला बोलवायला स्वयंपाकघरात धावल्या. आम्ही दोघी येईपर्यंत बाळ नाकात बोट घालून रडत होता. एक काळी बी त्यानं नाकपुडीत पार आत सारली होती.

बिया काढायच्या हे सासूबाईंच्या डोक्यातच आलं नाही. कसं येणार? आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सीताफळ खाल्लं जातं ते बिया थुंकत, कुणी बी काढून सीताफळ देतं का? त्यांनी बाईंचा खेळ बरोबर उचलला होता. परात लांब ठेवणं, पाठ फिरवणं, सगळं. वाळा तेवढा राहिला. कारण वाळा कशासाठी ते बाईंनी कधी सांगितलंच नव्हतं.

हे चिमटा शोधायला धावले. डॉक्टर नारायणगुड्याला, आणि रस्ते बंद. बाळ किंचाळतोय, सासूबाई भिंतीला टेकून "मी मारलं गं पोराला" म्हणत कपाळ बडवतायत. आवाज ऐकून बाई आल्या, पिठाचे हात नसलेल्या त्या मला पहिल्यांदाच दिसल्या.

"चिमटा नक्को!" त्या ओरडल्या. "टोक लागलं की बी आणखी आत जाईल. कुणी बोट घालू नका." मग एकदम खालच्या आवाजात, "हा कुणाच्या मांडीवर जेवतो?"

"सासूबाईंच्या," मी म्हटलं.

"मग काकू, तुम्हीच. बसा. घ्या मांडीवर. मोकळी नाकपुडी बोटानं दाबा. त्याचं तोंड उघडलं की तुमचं तोंड त्याच्या तोंडावर घट्ट ठेवा, आणि एक फुंकर. जोराची, पण एकच."

माझ्या सासूबाई कशा होत्या ते ठाऊक असायला हवं. सोवळ्यातल्या. पोटच्या पोराच्या उष्ट्या भांड्याला शिवल्या तर आंघोळ. नातवाला भरवायच्या त्याही चमचा लांब धरून. त्यांनी एकदा बाईंकडे पाहिलं. मग शेंबडानं, लाळेनं, सीताफळानं माखलेलं ते तोंड दोन्ही हातांनी धरलं, आपलं तोंड त्यावर ठेवलं, आणि फुंकर मारली.

बी बाहेर आली ती सासूबाईंच्या गालावर चिकटली.

बाळ आजीच्या गळ्यात पडून हुंदके देत होता. बाईंनी ती बी उचलली, कमरेचा वाळा सोडला, आणि बी त्यातून आरपार पाडून दाखवली. "हे मी सांगायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना दाखवत बसले, सांगितलं कुणालाच नाही. ही बी विषारी, फुटून तिचा रस डोळ्यात गेला असता तर डोळा गेला असता. चूक माझी आहे, काकू. तुमची नाही." आणि ही कुणापुढे मान न झुकवणारी बाई सासूबाईंच्या पायाशी मटकन बसली.

फौजा आल्या, राज्य गेलं, लोकांनी पेढे वाटले. आमच्या घरात मात्र सगळं परत पहिल्या पानावर आलं होतं. बाळाच्या मुठी पुन्हा आवळल्या गेल्या. कोरडं पीठसुद्धा नको. परात दिसली की आजीच्या पदरात तोंड. बाई रोज पाठ करून बसायच्या, गुणगुणायच्या, आणि रोज परात तशीच उचलायच्या. वर्गात येणाऱ्या प्रत्येक आईला आता त्या वाळा हातात देऊन समजावून सांगत. बसूनच खायचं, खाताना पळायचं-हसायचं नाही, कच्चं पीठ द्यायचं नाही, भाजायचं नाहीतर उकडायचं, आधी हात धुवायचे, पोरांना सोडून क्षणभरही उठायचं नाही. न बोलणारी बाई बोलायला लागली, पण त्यांचं गुणगुणणं कमी झालं होतं.

मग त्यांचा भाऊ आला. मराठवाड्यात एका गावी मुलींची शाळा निघत होती, मराठी शिकवायला बायका मिळत नव्हत्या. इतकी वर्षं जे मागत होतो ते आता होतंय, आणि मी इथं म्हशीला पीठ घालत बसू? असं बाई म्हणाल्या खऱ्या, पण माझ्याकडे बघून नाही. मी म्हटलं, आमच्या बाळाचं काय? त्या म्हणाल्या, "माझं पीठ संपलं गं." मला फार राग आला. इतका राग मी कुणावर केला नसेल. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

निघायच्या दिवशी टांगा दारात उभा. सासूबाईंनी वाटीत दही आणलं. जाणाऱ्याच्या हातावर दही घालायचं, आपली रीतच आहे. "ठाऊक आहे मला, तुम्ही कुणाकडचं खात नाही," त्या बाईंना म्हणाल्या, "पण रिकाम्या हातानं कसं पाठवू? नुसतं हातावर घेऊन टाकून द्या, चालेल." बाईंनी उजवा हात पुढे केला. त्यांचा पंजा रुंद होता, कधी नीट बघितलाच नव्हता मी.

सासूबाई चमचा आणायला वळल्या, वाटी पायरीवर ठेवून. आणि पायरीवर बाळ बसला होता.

त्यानं वाटीकडे पाहिलं. बाईंच्या उघड्या हाताकडे पाहिलं. मग आवळलेली मूठ सोडली, आणि सगळी बोटं दह्यात बुडवली. चेहरा वेडावाकडा झाला त्याचा, अंग शहारलं, पण हात काढला नाही. ओंजळ कसली, मूठभर दही घेऊन, निम्मं परकरासारख्या लोंबत्या अंगरख्यावर सांडत तो उठला आणि ते बाईंच्या तळहातावर थापलं.

"आज तुम्ही," तो म्हणाला. "उद्या मी."

बाईंनी कुणाकडे पाहिलं नाही. तळहात तोंडाशी नेला आणि ते दही चाटून चाटून खाल्लं, पोरं खातात तसं, बोटांच्या बेचक्यांतलंसुद्धा. आमच्या घरचं, आमच्या विरजणाचं. मग ओल्या हनुवटीनं त्या त्याच्यासमोर वाकल्या.

"मला काही झालं नाही," त्या म्हणाल्या, "तर उद्या तू. हौ?"

"हौ," बाळ म्हणाला.

टांगा गेला. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत मी बघत राहिले. शेवटपर्यंत मी त्यांच्याशी नीट बोललेच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ उठला तो सरळ स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसला. सासूबाईंच्या मांडीवर नाही, पाटावर. मी दहीभात कालवला, न गाळता, आणि ताटली त्याच्यापुढे ठेवली. हातभर लांब. पाठ फिरवून बसावं का, असंही मनात आलं. पण त्यानं ताटलीकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहत होता.

"बाईंना काही झालं?"

आज तो पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे. रेल्वेत आहे, तारनाक्याला आमचं घर आहे, आणि जेवायला बसला की पाचही बोटांनी असा कालवतो की सून म्हणते, आई, यांना कुणी शिकवलं असं जेवायला? बाईंचं पत्र कधी आलं नाही. त्या गावी गेलेल्या माणसांकडे मी चौकशी केली, कुणी म्हणालं होत्या, कुणी म्हणालं पुढे कुठं गेल्या. माझ्याकडे त्यांचा फोटो नाही. कणीक मळून झाली की मी अजून थापट्या मारत बसते, आणि खिडकीतून कुणीतरी बघतंय असं वाटून मान वर करते.

त्या सकाळी बाळ ताटलीवर हात धरून थांबला होता. मी उत्तर दिल्याशिवाय तो खाणार नव्हता.

"काही नाही झालं रे," मी म्हटलं. "बाई चांगल्या आहेत."

मग तो जेवला.